सांडूरच्या डोंगरात लोहखनिज शोधताना

सांडूरच्या डोंगरात लोखंड आहे हे कळायला कुठलंही यंत्र लागत नाही. पायाखालचा दगड उचलला की हाताला वजन जाणवतं आणि खडबडीत फरशीवर घासला की तांबडी रेघ उमटते. भूवैज्ञानिक ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच कर्नाटकातल्या या बल्लारी जिल्ह्याची भूशास्त्रीय पाहणी करून ठेवली होती, त्यामुळे हे खनिज जगाला ठाऊक होऊनही शतक उलटून गेलं आहे. मग तुम्ही तिथे नेमकं काय शोधता, असं मला घरापासून ऑफिसपर्यंत सगळे विचारतात. आम्ही शोधत असतो ते खनिजाचं मोजमाप. ते किती खोल जातं, किती रुंद आहे, त्यात कडक किती आणि भुकटी किती, सिलिका आणि ॲल्युमिना ही नको असलेली द्रव्यं किती. आणि या प्रत्येक आकड्याबद्दल आपण किती खात्रीनं बोलू शकतो हेही. माझ्या मते आमच्या कामाचा सगळा कस या शेवटच्या गोष्टीत लागतो.

2011 साली सर्वोच्च न्यायालयाने बल्लारीतलं लोहखनिजाचं उत्खनन थांबवलं होतं, ती बातमी बहुतेकांना आठवत असेल. पुढे 2015 साली खाण कायद्यात दुरुस्ती झाली आणि खाणपट्टे लिलावाने द्यायचे ठरले. लिलाव करायचा तर आत काय आहे याचा पुरावा हवा. त्या पुराव्याच्या पातळ्या ठरलेल्या आहेत, जी-4 म्हणजे प्राथमिक चाचपणी आणि जी-1 म्हणजे तपशीलवार शोध. आम्हाला डोंगरातला एक ब्लॉक जी-2 पर्यंत न्यायचा होता. मी भूवैज्ञानिक, नागपूरची. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय आमच्याकडे, खनिज अन्वेषण महामंडळाचंही आमच्याकडेच, त्यामुळे या क्षेत्रातली निम्मी माणसं कधी ना कधी नागपूरचं पाणी प्यालेली असतात. आमच्या रिगवरचा, म्हणजे बोअर पाडणाऱ्या यंत्रावरचा, मुख्य ड्रिलर भंडाऱ्याचा निघाला, याचं मला म्हणूनच नवल वाटलं नाही. सांडूरही मराठी माणसाला अगदी परकं नाही. 1949 मध्ये विलीन होईपर्यंत ते घोरपडे घराण्याचं संस्थान होतं.

हे खनिज तयार कसं झालं ते थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. अडीचशे कोटी वर्षांहून जुन्या काळी समुद्रतळावर लोह आणि सिलिका यांचे पातळ थर एकावर एक साचत गेले. पुढे त्यांना घड्या पडल्या, ते जवळजवळ उभे झाले. या पट्टेदार दगडाला साइटवर सगळे बीएचक्यू म्हणतात, पट्टेदार हेमॅटाइट क्वार्टझाइट. त्यात लोह साधारण 30 ते 40 टक्के. पुढे लाखो वर्षं पाणी मुरत राहिलं, सिलिका विरघळून गेली आणि लोह मागे उरलं. तेच आपलं समृद्ध खनिज. या प्रवासात मूळ दगडातल्या मॅग्नेटाइटचं ऑक्सिडीकरण होऊन हेमॅटाइट बनतं. मॅग्नेटाइट जबरदस्त चुंबकीय असतं, हेमॅटाइट त्या मानाने अगदीच क्षीण. म्हणजे दगड जसजसा लोहाने श्रीमंत होत गेला तसतशी त्याची चुंबकीय खूण पुसट होत गेली.

ही एक गोष्ट पक्की ध्यानात नसली तर चुंबकीय सर्वेक्षण फसवतं. नकाशावर जिथे सर्वांत मोठी उसळी दिसते तिथे बोअर टाकावी असं कुणालाही वाटेल, पण तिथे बहुधा न बदललेला, सिलिकाने भरलेला मूळ दगडच निघतो.

चुंबकीय सर्वेक्षण म्हणजे आधी पायपीट. थर साधारण उत्तर-वायव्येकडून दक्षिण-आग्नेयेकडे पसरलेले, म्हणून आमच्या रेषा त्यांना आडव्या, डोंगर चढून उतरणाऱ्या. दोन रेषांत शंभर मीटर अंतर, रेषेवर दर दहा मीटरला एक वाचन. ज्याच्याकडे मॅग्नेटोमीटर त्याच्या अंगावर लोखंड नको. मी सकाळी निघताना केसातल्या पिना, सेफ्टीपिन, पट्ट्याचं बक्कल, किल्ल्या, मोबाइल सगळं काढून ठेवायची. पोलादी टोपणाचे सुरक्षा बूटही चालत नाहीत, त्यामुळे काटेरी झुडपांतून साध्या बुटांवर हिंडावं लागतं. हातोडी घेतलेला मदतनीस वाचनाच्या वेळी लांब उभा राहायचा. तळावर दुसरं यंत्र एकाच जागी ठेवून दिवसभर नोंद घेत असतं, कारण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्रही सूर्याबरोबर दिवसभरात कित्येक नॅनोटेस्लांनी (हे त्या क्षेत्राचं एकक) हलतं. तो चढउतार वाचनातून वजा करावा लागतो. तळावरचा आलेख वेडावाकडा दिसू लागला की चुंबकीय वादळ आहे असं समजायचं आणि त्या दिवसाचं काम बाजूला ठेवायचं.

त्या भागात पृथ्वीचं क्षेत्र सुमारे 41,000 नॅनोटेस्ला. फायलाइट नावाच्या पापुद्रेदार दगडावर चालताना वाचन शांत असतं, दहा-वीसचा फरक पडतो. पट्टेदार दगडाची धार आली की दहा मीटरमध्ये आकडा हजारोंनी उडी मारतो. काही ठिकाणी चढ इतका तीव्र असायचा की प्रोटॉन मॅग्नेटोमीटरला वाचनच धरता येत नसे. होकायंत्राचा तर तिथे काही भरवसा नाही. दोन पावलांत सुई वेगळीच दिशा दाखवते, म्हणून थरांची दिशा मोजायलाही जीपीएस आणि दूरची ओळखीची शिखरं यांचाच आधार घ्यायचा.

यातली आणखी एक गोष्ट उत्तरेकडच्या देशांतली पुस्तकं वाचून आलेल्यांना चकवते. सांडूर पंधराव्या अक्षांशाच्या आसपास आहे. तिथे पृथ्वीच्या चुंबकीय रेषा जमिनीत वीस अंशांपेक्षाही कमी कोनात शिरतात, म्हणजे जवळजवळ आडव्याच असतात. अशा ठिकाणी चुंबकीय दगडाच्या डोक्यावर उंचवटा दिसण्याऐवजी खळगा दिसू शकतो आणि उंचवटा बाजूला सरकतो. शिवाय उत्तर-दक्षिण पसरलेल्या लांबट थराची खूण आणखीच क्षीण होते, आणि दगडात जुन्या काळची गोठलेली चुंबकीय दिशा असेल तर सगळंच गुंतागुंतीचं होतं. आमच्या गटात भूभौतिकीचा अभ्यास केलेला एक तरुण सहकारी होता. त्याने पहिला रंगीत नकाशा काढला तेव्हा 'लाल तिथे खनिज' असं म्हणायला कुणालाही सक्त मनाई केली. मला त्याचं फार कौतुक वाटलं. नकाशातले रंग डोळ्यांना पटकन पटतात, आणि एकदा पटले की मनातून निघत नाहीत.

चुंबक जे सांगत नाही ते गुरुत्वाने सांगावं, ही पुढची पायरी. हेमॅटाइटची घनता 5 च्या वर, क्वार्ट्झची 2.65. जमिनीखाली जड खनिजाचा मोठा साठा असेल तर त्या जागी गुरुत्व किंचित वाढतं. किंचित म्हणजे किती? पृथ्वीचं गुरुत्व नऊ लाख ऐंशी हजार मिलिगलच्या (गुरुत्व मोजायचं एकक) घरात, आणि आम्ही शोधत होतो तो फरक एक-दोन मिलिगलचा. एक मीटर उंच चढलात तर उंचीमुळेच सुमारे 0.3 मिलिगल कमी होतात, आणि मधल्या दगडाचं वजन धरलं तरी 0.2 च्या आसपास फरक उरतो. म्हणून प्रत्येक बिंदूची उंची काही सेंटिमीटरपर्यंत अचूक हवी. उताराच्या डोंगरावर हे काम अक्षरशः घाम काढतं. आधी डीजीपीएसने अचूक उंची मोजणारे जातात, मग गुरुत्वमापी तिपाईवर समतल करायचा, वाऱ्याला छत्री आडवी धरायची, कुणी हलायचं नाही, श्वासही हळू घ्यायचा. दर काही तासांनी तळावर परत येऊन तेच वाचन पुन्हा, कारण यंत्राची स्प्रिंग हळूहळू सरकते आणि चंद्र-सूर्याच्या ओढीचाही परिणाम असतो. मग शेजारच्या दऱ्या-शिखरांची दुरुस्ती. दरी म्हणजे नसलेला दगड, आणि त्या नसण्याचाही हिशेब लागतो.

दोन्ही नकाशे एकावर एक ठेवले तेव्हा चित्र उलगडू लागलं. गुरुत्व जास्त आणि चुंबकीय हालचालही जास्त, तिथे मूळ पट्टेदार दगड. गुरुत्व कमी आणि चुंबक शांत, तिथे शेल (मातीचा थरदार दगड) किंवा फायलाइट. गुरुत्व जास्त पण चुंबक शांत, तिथे समृद्ध हेमॅटाइटची शक्यता. पहिल्या बोअर आम्ही याच तिसऱ्या प्रकारच्या जागी आखल्या. पण या पद्धतीत एक फट आहे. सांडूरमध्ये 'ब्लू डस्ट' भरपूर आहे. सिलिका निघून गेली आणि लोहाची चौकट ढासळली की हे मऊ, निळसर करडं, बोटांतून सांडणारं खनिज मागे उरतं. लोह अनेकदा 65 टक्क्यांच्या वर. पण कणांमध्ये पोकळ्या इतक्या की जागेवरची घनता बीएचक्यूच्या आसपासच येते. गुरुत्वमापीला हे दोन्ही जवळजवळ सारखेच वाटतात. सगळ्यात चांगलं खनिज आणि टाकाऊ दगड यांत फरक करायला मग बोअरशिवाय उपाय उरत नाही.

रिग डोंगरावर चढवणं, वनविभागाची परवानगी, झाडं वाचवत रस्ता काढणं, यात बराच काळ गेला, त्याबद्दल जास्त लिहीत नाही. खरी अडचण पाण्याची. डायमंड बिट, म्हणजे दगड कापणारं हिऱ्यांचं टोक, थंड ठेवायला आणि चुरा वर आणायला सतत पाणी लागतं, आणि डोंगरमाथ्यावर ते टँकरनेच येतं. त्यात वरचा जांभ्यासारखा कडक थर पोकळ्यांनी भरलेला. टँकर रिकामा होतो आणि बोअरमधून एक थेंब परत येत नाही. बेंटोनाइटची चिकणमाती घालायची, केसिंगचे नळ उतरवायचे, पुन्हा सुरुवात करायची.

थर सत्तर अंशांनी कलते असल्याने बोअर उभी टाकायची नाही, हे आधीच ठरलेलं होतं. उभी बोअर अशा थरातून त्याच्याच अंगाने खाली जाते आणि 100 मीटर खनिज लागलं म्हणून सगळे खूश होतात, प्रत्यक्षात थराची खरी जाडी 34 मीटरच असते. आम्ही थराच्या कलाविरुद्ध साठ अंशांवर बोअर टाकल्या. त्या खाली जाताना वाकतातही, म्हणून दिशा मोजावी लागते, आणि इथे चुंबकीय साधन निरुपयोगी असल्याने जायरो हे चुंबकाशिवाय दिशा दाखवणारं साधन लागतं.

बोअर सुरू झाली की मी शक्य तितका वेळ रिगपाशीच बसायची. पेट्या भरून तंबूत आल्या की बघू, असं करणारे भूवैज्ञानिक असतात. मला ते पटत नाही. सुरुवात एचक्यू आकाराने, कोअर, म्हणजे बोअरमधून निघणारी दगडाची कांडी, 63.5 मिलिमीटर जाडीची. खाली जागा तंग झाली की एनक्यू, 47.6 मिलिमीटर. बीएचक्यूमध्ये बिट घासून गुळगुळीत होतो, आवाज बारीक आणि चिरका येतो, तासभर झटून हाताएवढा तुकडा मिळतो. पण तो तुकडा अखंड असतो, पट्टे मोजता येतात. कडक लोहखनिजातही कोअर छान येते, पोलादी चमक असलेली, उचलताना मनगटाला जाणवणारी.

मग एका बोअरमध्ये साठेक मीटरवर रिगचा आवाज एकदम उतरला. रॉड जवळजवळ आपल्याच वजनाने खाली जाऊ लागले. परत येणारं पाणी विटकरी होतं ते काळपट झालं. भंडाऱ्याच्या ड्रिलरने माझ्याकडे न बघताच हाक दिली, "पानी बदललं जी मॅडम." मी जाऊन ओंजळीत घेतलं. तळाशी बारीक चमकणारी भुकटी बसली, बोटांना पेन्सिलीच्या शिशासारखी लागणारी. ब्लू डस्ट. दीड मीटरचा रन, म्हणजे एका खेपेचा टप्पा, काढला तेव्हा नळीत जेमतेम साठ सेंटिमीटर माल होता, तोही बहुतेक कडक सिलिकायुक्त पट्ट्यांचे तुकडे. भुकटी पाण्याबरोबर वाहून गेली होती. म्हणजे ज्यासाठी एवढा खटाटोप केला ते खनिजच निसटलं, आणि पेटीत उरलं ते त्याच्यातलं सगळ्यात हलक्या प्रतीचं.

इथे दोन वाटा असतात. पेटीतले तुकडे सैल मांडून दीड मीटरची जागा भरून टाकता येते, कागदावर कोअर पूर्ण आली असं दिसतं. ठेका मीटरवर असला की तसा दबावही येतो, आणि मी तो पाहिला आहे. दुसरी वाट म्हणजे लाकडी ठोकळा ठेवून त्यावर 'लॉस 0.90' असं स्वच्छ लिहायचं आणि ती पोकळी पोकळीच ठेवायची. आमच्या करारात खनिजाच्या पट्ट्यात किमान रिकव्हरीची, म्हणजे खणलेल्या लांबीपैकी किती कोअर हाती यावी याची, अट घालून घेतली होती, त्यामुळे ड्रिलरलाही घाई करण्यात फायदा नव्हता. त्याने लगेच तिहेरी नळी लावली, रन अर्ध्या मीटरवर आणला, फेरे कमी केले, पाणी अगदी थोडं ठेवून त्यात पॉलिमर वाढवलं. काही रन तर जवळजवळ कोरडेच मारले. एका शिफ्टमध्ये जेमतेम चार-पाच मीटर. पण आतली नळी उघडली तेव्हा निळसर भुकटी जशी जमिनीत होती तशीच, थरांच्या रेघांसकट बसलेली दिसली. तो माणूस नळीवर वाकून कितीतरी वेळ ते पाहत राहिला. बिटचा दाब हाताने ओळखणारी अशी माणसं आता कमी होत चालली आहेत, आणि अहवालात त्यांचं नाव कुठेच येत नाही याचं मला वाईट वाटतं.

तंबूतलं काम शांत असतं. पेटी आधी कोरडी, मग ओली करून तिचा फोटो. भिंगाने पाहणी, फरशीवर रेघ, हातातल्या छोट्या यंत्राने चुंबकीय ग्राह्यता, म्हणजे दगड किती चुंबकीय आहे ते. गोएथाइट हे पाणी धरलेलं लोहखनिज आलं तर रेघ पिवळट तपकिरी होते. शेलचे पातळ पदर डोळ्यांत तेल घालून शोधायचे, कारण ॲल्युमिना तिथूनच येतं आणि भट्टीतली मळी घट्ट करतं. कडक कोअर मधोमध कापून अर्धी प्रयोगशाळेला, अर्धी पेटीत. भुकटी असेल तर ढीग करून चार भाग, समोरासमोरचे दोन घ्यायचे. प्रत्येक गठ्ठ्यात ओळखीचे प्रमाणित नमुने आणि कोरे नमुनेही मिसळायचे, म्हणजे प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. घनतेसाठी कडक तुकडे मेणात बुडवून पाण्यात तोलले. ब्लू डस्टसाठी उघड्या कड्यापाशी एक घनमीटरचा खड्डा खणून निघालेला माल तोलला. हा खड्डा खणायला माणसं कुरकुरतात, पण टनांचा सगळा हिशेब घनतेवर चालतो. 3 च्या जागी 3.5 धरले तर साठा कागदावर सहाव्या हिश्शाने वाढतो, जमिनीत मात्र एक किलोही वाढत नाही.

निकाल येऊ लागले तेव्हा गुरुत्वाच्या उंचवट्यांपैकी काही जागी अपेक्षेप्रमाणे जाड समृद्ध खनिज निघालं, काही जागी तेवढ्याच जड पण सिलिकाने भरलेल्या बीएचक्यूने तोंड दाखवलं. तिथे चुंबक शांत होतं ते वरचा मॅग्नेटाइट ऑक्सिडीकरणाने गेला होता म्हणून, सिलिका मात्र जागच्या जागी होती. कोअरवर मोजलेली घनता आणि ग्राह्यता परत सहकाऱ्याच्या प्रतिमानात घातली आणि पुढच्या बोअरच्या जागा बदलल्या. यंत्र आणि बोअर यांची अशी देवाणघेवाण चालू राहिली तरच सर्वेक्षणावरचा खर्च वसूल होतो. नुसता सुरुवातीला एक नकाशा काढून भिंतीवर लावला तर तो पैसा वाया.

ज्या बोअरमध्ये सुरुवातीला भुकटी वाहून गेली होती, त्यांच्या शेजारी आम्ही जुळ्या बोअर मागितल्या, आरसी पद्धतीच्या. त्यात पाण्याऐवजी दाबाची हवा असते आणि चुरा आतल्या नळीतून थेट पिशवीत येतो. अखंड कोअर मिळत नाही, थरांची रचना दिसत नाही, पण मालही हरवत नाही. खर्च वाढतो म्हणून बरीच चर्चा झाली, शेवटी मोजक्या जागी मंजुरी मिळाली. तुलना केली तेव्हा हरवलेल्या पट्ट्यांत लोहाचं प्रमाण कोअरपेक्षा ठळकपणे जास्त आलं, हे अपेक्षितच होतं. पण काही मीटरांत ॲल्युमिनाही वाढलेलं निघालं. पाण्याने ब्लू डस्टबरोबर शेलची माती धुऊन नेली होती, आणि कोअर पाहून तो भाग प्रत्यक्षापेक्षा स्वच्छ वाटत होता. म्हणजे हरवलेली कोअर नेहमी एकाच दिशेने चुकवते असं नाही. हे मी त्याआधी वाचलं होतं, पण दोन पिशव्या शेजारी ठेवून पाहणं वेगळं.

साठा मोजताना 45 टक्के लोह ही खाण ब्युरोची किमान मर्यादा धरली, त्याच्या वरचं सगळं प्रतीनुसार वेगळं मांडलं. ज्या दोन बोअरच्या परिसरात रिकव्हरी कमी राहिली आणि जुळी बोअर मिळाली नाही, तो भाग आम्ही जी-2 मध्ये न घेता जी-3 मध्येच ठेवला. टनांचा आकडा त्यामुळे खाली आला आणि बैठकीत त्यावरून नाराजी झाली. आम्ही त्या पेट्यांचे फोटो आणि ठोकळ्यांवरचे आकडे समोर ठेवले, वर्गवारी तशीच राहिली. बोअर सिमेंटने बुजवून त्यांच्या तोंडाशी क्रमांकाचे खांब उभे केले आहेत. अर्ध्या कापलेल्या कोअरच्या पेट्या शेडमध्ये क्रमाने लावलेल्या आहेत. त्या दोन जागी जुळी बोअर टाकण्याची शिफारस अहवालात पहिल्याच पानावर आहे, कामाचा हंगाम म्हणून पावसाळ्यानंतरचे महिने सुचवले आहेत, म्हणजे रस्ता सुकलेला असेल आणि टँकर वरपर्यंत चढेल.